वारा सुटला का?

"आधी मोठ्याने म्हणा, पादलात का?"

दर वर्षी फिजिओथेरपी शिकणारी पोरं-पोरी आमच्या भाईंदरच्या नर्सिंग होमला येतात, पांढरे कोट घालून, पाच-सहा जणं, आणि माझ्याकडे आली की मी त्यांना पहिलं हेच बोलायला लावते. मुली खाली बघतात, मुलं एकमेकांना कोपर मारतात, एक तरी असतोच जो फस्सकन हसतो. मी म्हणते, हसून घ्या, पण बोला, बोलल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचं नाही.

मी नववी नापास, ती पोरं कॉलेजची. आमचे सर म्हणजे सर्जन, नर्सिंग होम त्यांचंच, ते आधी त्यांना तासभर फळ्यावर शिकवतात, जखम कशी भरते, आतडं झोपतं म्हणजे काय, कोणाला कधी उठवायचं, आणि मग म्हणतात, "बाकीचं मावशींना विचारा." मावशी म्हणजे मी. सव्वीस वर्षांची. साठीचे पेशंट पण मला मावशी म्हणतात, पहिले पहिले रडू यायचं, आता कोणी नावाने हाक मारली तर मीच वळून बघत नाही.

ह्या अंकाच्या संपादक ताईंनी सांगितलं, तुझ्या कामाचं लिही, जसं बोलतेस तसंच लिही. मी म्हटलं, ताई, मी बोलते तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा राहणार नाही. त्या म्हणाल्या, स्वल्पविराम टाक. तर टाकतेय.

लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे सगळं काम डॉक्टरचं. कापलं, काढलं, शिवलं, झालं. मला पण तसंच वाटायचं. पण सर सांगतात, माझं काम दोन तासांचं, त्याच्यापुढचं काम पेशंटच्या अंगाचं, आणि त्या अंगाला जागं करायचं काम तुमचं. ऑपरेशन झालं की माणूस दुखेल म्हणून तीन गोष्टी बंद करतो. खोकत नाही, पाय हलवत नाही, उठत नाही. खोकला नाही की छातीत कफ साचतो आणि ताप येतो. पाय हलवले नाहीत की पोटरीत रक्ताची गाठ धरते आणि ती गाठ वर गेली तर माणूस बसल्या जागी जातो. आणि उठला-चालला नाही की आतडं झोपलेलंच राहतं. म्हणून आम्ही पोटावर उशी देतो, म्हणतो दोन्ही हातांनी दाबून धरा आणि आता खोका, टाक्यांची काळजी उशी करेल. सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या कोपरावर जोर द्यायचा, मग उठायचं, गाय उठते तसं टप्प्याटप्प्याने. आणि पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली, शिलाई मशीनचा पाय मारल्यासारखे. हे मी वॉर्डात दिवसातून किती वेळा बोलते त्याला मोजदाद नाही. माझी पोरगी घरी बाहुलीच्या पोटावर रुमाल दाबते आणि म्हणते, "खोका आजी, खोका, काय होत नाही."

पेशंट पण मला शिकवतात. काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला होता, हर्नियाचं ऑपरेशन, आत जाळी बसवलेली. त्याला मी रोज सांगायची, भैया, वजन उचलायचं नाही, आणि तो रोज म्हणायचा, "अरे दीदी, मैं तो ट्रक का टायर अकेला उठाता हूँ." एक दिवस मी वैतागून विचारलं, तुमच्याकडे ट्यूबचं पंक्चर काढल्यावर लगेच हवा भरता का? तो म्हणाला, "पागल है क्या, पहले सोल्यूशन सूखने दो, नहीं तो पॅच उखड़ जाएगा." मग मी नुसती त्याच्या पोटाकडे बघत राहिले. तो पण बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कितना दिन सूखेगा?" त्यानंतर पाण्याचा तांब्या पण बायकोला उचलायला लावायचा, ती मला शिव्या घालायची. पोरांना मी हे सांगते ते ह्यासाठी, की तुमचं बोलणं पेशंटच्या धंद्यातून गेलं तर आत जातं. आणि माझं एकदा असं नको त्या धंद्यातून गेलं, की एका बाईचं पोट दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली होती. ते सांगायलाच मी बसलेय.

चार वर्षं झाली त्याला. मी कामाला लागून दोन महिने पण झाले नव्हते. पोरगी दोन वर्षांची, मीरा रोडला शेजारच्या भाभीकडे ठेवून यायची, निघताना ती दाराला धरून रडायची आणि तो आवाज माझ्या कानात दुपारपर्यंत राहायचा. नवरा डिलिव्हरीच्या बाइकवर. मला सगळ्याचीच भीती. सरांची भीती, सिस्टरची भीती, रक्ताची भीती, सलाईन संपत आलं की माझाच श्वास संपायचा. माझ्या आधीच्या बाईला चुकीच्या पेशंटला नाश्ता दिला म्हणून काढलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

शैला सिस्टर म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर. त्यांनी मला सकाळचं काम दिलं, प्रत्येक पोटाच्या पेशंटला विचारायचं, गॅस पास झाला का, आणि वहीत हो की नाही लिहायचं. का, तर ऑपरेशनला आतडं घाबरतं आणि गप्प पडून राहतं. ते जागं झालं, चालायला लागलं, की आतली हवा खाली सरकते आणि बाहेर पडते. ती हवा बाहेर आली म्हणजे रस्ता मोकळा. मग पाणी, मग चहा, मग पेज. आता काही ऑपरेशनला सर लगेच पाणी देतात, सगळ्यांना थांबवत नाहीत, पण पोटात पू झालेला असला तर थांबावंच लागतं. ती एक हवा, तिच्यावर सगळं.

पण मला ते विचारायची लाज. बाईमाणसाला विचारायचं म्हटलं तरी कान गरम व्हायचे. आमच्या गावाला आई म्हणायची वारा सरला, तर मी आपलं तेच जरा गोड करून, मान खाली घालून विचारायची, "वारा सुटला का?" आठ-दहा पेशंटना विचारलं, सगळ्यांना कळलं. मग फिलूबाय आल्या.

फिलूबाय तारोडीच्या, उत्तनच्या पुढे. साठीच्या, काळ्या-सावळ्या, दंडात माझ्यापेक्षा जास्त ताकद. मुलगा अँथनी होडीवर जातो आणि ह्या बोंबील सुकवतात, बांबूच्या वलांड्यांवर जोडी-जोडीने टांगून. पोटात दुखत होतं ते चार दिवस अंगावर काढलं, कारण बोंबलाचे दिवस होते. आल्या तेव्हा अपेंडिक्स आत फुटलेलं. सरांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं, पोट धुतलं, आणि सांगितलं, हवा सुटल्याशिवाय ह्यांच्या तोंडात काही द्यायचं नाही.

आधीच्या दोन्ही सकाळी त्या "न्हाय" म्हणाल्या होत्या, ऑपरेशनच्या तिसऱ्या सकाळी मी परत त्यांच्यापाशी गेले. त्यांची खाट खिडकीजवळ. त्या मान वळवून बाहेर बघत होत्या. मी नेहमीसारखं खाली बघून विचारलं, "फिलूबाय, वारा सुटला का?"

त्यांचं तोंड असं उजळलं की मला बरं वाटलं. "सुटला ना गो! सकालधरना सुटलाय. चांगला कोरडा हाय."

कोरडा हाय. मी काय विचार केला असेल? मी विचार केला, म्हातारी माणसं जरा जास्तच सांगतात. आणि वहीत लिहिलं, हो.

सर राउंडला आले, वही बघितली, पोट तपासलं, म्हणाले अजून आवाज कमी येतोय, पण हवा गेलीय ना, मग घोट घोट पाणी सुरू करा. मग पाणी झालं, अकराला चहा झाला. फिलूबायने चहा मागून घेतला, अजून अर्धा कप द्या म्हणाल्या, आणि मी दिला. तो अर्धा कप मला अजून आठवतो.

दोनच्या सुमाराला त्यांचं पोट वर यायला लागलं. तीनला ढोलकीसारखं ताठ. मग उलटी झाली, हिरवी, आणि उलटीच्या कळेने त्या टाके धरून ओरडल्या. सर धावत आले. पोटाचा एक्स-रे फोटो काढला, त्यात हवाच हवा दिसत होती पण नक्की काय ते कळेना. सर अँथनीला बाजूला घेऊन बोलत होते, मी पायापाशी फडकं घेऊन उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"सकाळी हवा सुटली होती, म्हणजे आतडं चालू झालं होतं. चालू होऊन परत बंद पडलं, ह्याचा अर्थ आत काहीतरी नवीन झालंय. पीळ पडलाय, नाहीतर कुठेतरी गळतंय. मला पुन्हा उघडून बघावं लागेल. सही लागेल तुमची."

अँथनी एवढा थोराड माणूस, नुसता म्हणाला, "परत कापनार?"

मी फिलूबायचं तोंड पुसायला वाकले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सकाळी तर वारा सुटला म्हणालात, मग असं कसं झालं हो?"

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "सुटला व्हता ना. खिरकीतना बगला मी, त्या नारलाची झावलं कशी हालत व्हती. आता पडला बग. आज बोंबील सुकनार न्हाय."

मी खिडकीतून बघितलं. समोरच्या सोसायटीत एक नारळ आहे. त्याचं पान हलत नव्हतं.

त्यांचा वारा तो वारा, आणि माझा वारा हा वारा. आणि सर जे उघडायला निघाले होते ते माझ्या वहीतल्या एका हो वर.

मी धावत शैला सिस्टरकडे गेले, एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटलं. म्हणाल्या, "हे बघ, आता तू काही बोलू नकोस. सुटली असेल पण हवा, तिला कळलं नसेल. सर चिडले तर तुझी नोकरी जाईल आणि मला पण ऐकावं लागेल. लहान पोर आहे ना तुझं?" त्या वाईट नाहीत हो, त्या माझ्याच भल्याचं बोलत होत्या. आणि मी एक मिनिट गप्प बसले पण. खोटं कशाला बोलू. एक पूर्ण मिनिट मी हात धूत उभी राहिले, आणि माझ्या कानात पोरगी दाराला धरून रडत होती.

मग मनात आलं, आतडं जागं होऊन बंद पडलं तर कापायचं. पण ते जागं झालंच नसेल तर? झोपलेल्याला कशाला कापायचं? एवढं मला नववी नापासला कळत होतं, सरांना कळणार नाही का? पण त्यांना सांगितल्याशिवाय कसं कळेल?

सर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होते, बाहेर अँथनी कागदावर सही करायला वाकलेला. मी ओरडलेच, "सर, तो वारा बाहेरचा होता!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, "काय?"

"सर, मी वारा सुटला का विचारलं, लाज वाटली म्हणून, आणि त्यांनी खिडकीतला वारा सांगितला, बोंबलाचा, त्यांची हवा सुटलीच नाही सर, कधीच नाही, मी हो लिहिलं, मी चहा दिला, अर्धा कप जास्त पण दिला."

अँथनी पेन हातात तसंच धरून म्हणाला, "आमच्याकडं वारा म्हंजे वाराच ना."

सर वॉर्डाकडे वळले. आत गेले, फिलूबायच्या पोटाला कान-नळी लावली, खूप वेळ लावली. फोटो परत उजेडाला धरला. मग त्यांनी फिलूबायलाच विचारलं, सरळ, एवढे मोठे सर्जन, एवढ्या मोठ्या आवाजात, "बाई, ऑपरेशन झाल्यापासून एकदा तरी पादलात का?"

"न्हाय बा," फिलूबाय म्हणाल्या. "एकदा बी न्हाय. कोनी इचारला बी न्हाय."

सरांनी तो सहीचा कागद घेतला, घडी करून खिशात टाकला. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाकातून नळी टाका, पोट रिकामं करा, तोंडाने काही नाही. ताप, नाडी दर तासाला. आणि चालवा ह्यांना." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता गेली नोकरी. ते एवढंच म्हणाले, "लाज तुझी आणि पोट तिचं?"

बस. ते वाक्य मला चार वर्षं पुरलंय.

नाकात नळी घातलेल्या बाईला चालवणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच माहीत. फिजिओच्या मॅडम एका बाजूने, मी एका बाजूने, सलाईनचा स्टॅंड माझ्याच हातात. फिलूबाय दोन पावलं टाकायच्या आणि म्हणायच्या, "सोर मना, मरू दे." मॅडमनी समजावलं, रागावल्या, काही उपयोग नाही. मग मी विचार केला, हिचं मन कुठे आहे? म्हटलं, "फिलूबाय, त्या टोकाच्या गॅलरीतून खाडीकडचं आभाळ दिसतं. चला, वारा बघून येऊ."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग उशी पोटाशी धरून, एक एक पाऊल टाकत, गेल्या. गॅलरीत उभ्या राहून त्यांनी बोट ओलं केलं आणि वर धरलं. म्हणाल्या, "न्हाय. जरा येलानं परत येव." दर तासाला आम्ही वारा बघायला गेलो. संध्याकाळी सरांनी पोट बघितलं, जरा मऊ लागलं, ताप नव्हता, म्हणाले उद्यापर्यंत थांबू. मी घरी गेले पण पोरीला जेवण भरवताना घास माझ्याच तोंडात घातला, असं लक्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत होते तर वरूनच आवाज आला. सगळ्या वॉर्डाला, खालच्या मेडिकलवाल्याला पण ऐकू जाईल असा.

"ए पोरी! लवकर ये गो! पादले मी!"

शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बेनने टाळ्या वाजवल्या. सगळ्या बायका हसल्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनवाल्या काकू तर उशी दाबून दाबून हसल्या, मी दिलेली शिकवण तिथे कामाला आली. मी वहीत हो लिहिलं, आणि त्याच्यापुढे लिहिलं, नक्की. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

जायच्या दिवशी मी फिलूबायला सगळं सांगितलं. की तुमच्या नाकात नळी गेली, दोन दिवस जास्त राहिलात, ते माझ्यामुळे. पाया पडायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. म्हणाल्या, "आदीच सरल इचारला असता त सरल सांगितला असता. आमी कोली मान्सा, आमाला कसली लाज?" मग जरा थांबून म्हणाल्या, "मना त वाटला, येवरी चांगली पोर हाय, रोज सकाली येवन माज्या बोंबलांची चवकशी करते."

हे वाक्य मला सरांच्या त्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या मला चांगली समजत होत्या, आणि मी नुसती खाली बघत होते.

सरांनी मला काढलं नाही. उलट त्या दिवसापासून पोटाच्या सगळ्या पेशंटना विचारायचं आणि शिकाऊ पोरांना विचारायला शिकवायचं काम माझं. वहीत मी माझ्या हाताने एक रकाना वाढवलाय, कोणत्या शब्दात विचारलं. हसू नका, त्याचा उपयोग होतो. मागच्या वर्षी एक शिकाऊ मुलगी धावत आली, म्हणाली, "मावशी, तीन नंबरच्या आजींना गॅस आला का विचारलं, तर म्हणतात बुकिंग सुनेच्या नावावर आहे!" मी तिला म्हटलं, जा, परत जा, आणि मी सकाळी जे शिकवलं ते बोल. ती गेली, लाल झाली, पण बोलली. आजी म्हणाल्या, "इश्श, हो, कधीचीच." त्या दुपारी आजींनी पेज खाल्ली.

मी अजून घाबरते. कोणाचं पोट ताठ लागलं की वहीतला हो परत तपासते. पण आता घाबरले की मी गप्प बसत नाही, मोठ्याने बोलते, एवढा फरक. सर पोरांना शिकवतात तेव्हा जखमेचं शास्त्र फळ्यावर लिहितात, आणि सगळ्यात खाली एक ओळ, पेशंटच्या शब्दात विचारा. ती ओळ माझी आहे. नाव लिहिलेलं नाही तिथे, पण मला माहीत आहे.

थंडी पडली, कोरडा वारा यायला लागला की दर वर्षी मी डबा खाऊन त्या गॅलरीच्या टोकाला जाते आणि फिलूबायला फोन लावते. नारळाची झावळं हलत असतात. तिकडे वलांड्यांवर बोंबील लागलेले असणार. यंदा पण लावला. म्हटलं, "फिलूबाय, वारा सुटला का?"

पलीकडून आधी हसू आलं, मग आवाज.

"कनचा, त्ये सांग आदी."